पॉइंटांचे गाजर आणि सेवेचा हक्क

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आजतागायत रेल्वेचा रूळ पोहोचलेला नाही. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची घोषणा होते, आखणी होते, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला बाधा येते म्हणून आखणीचा पुन्हा वाद होतो; मंचर-नारायणगावचा प्रवासी मात्र एसटीच्या थांब्यावर उभाच असतो. याच प्रवाशाच्या मोबाईलवर हल्ली एक गोड आवाज येतो. तो आवाज त्याला विमानतळावरील लाउंजमध्ये फुकट बसण्याचे, शंभर रुपयांच्या प्रत्येक खर्चावर पॉइंट मिळवण्याचे आणि साठलेल्या पॉइंटांवर दुबई-सिंगापूर पाहून येण्याचे आमंत्रण देतो. या आमंत्रणाचे नाव 'ट्रॅव्हल क्रेडिट कार्ड'.

आपल्यातील काही साथींना हा विषय या पानावर शोभणारा वाटणार नाही. क्रेडिट कार्ड हा शहरी सुखवस्तू वर्गाचा चाळा आहे, कष्टकऱ्यांच्या चळवळीने त्यात वेळ का दवडावा, असे ते म्हणतील. हा युक्तिवाद ऐकायला कणखर आहे; वस्तुस्थितीला धरून मात्र नाही. १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडिया या राष्ट्रीयीकृत बँकेने आपले कार्ड आणले, तेव्हा ते खरोखरच मूठभरांच्या खिशात होते. २०२४ साली देशातील क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली. परदेशी द्राक्षे पाठवणारा नारायणगावचा बागायतदार, चाकणच्या कारखान्यात नोकरी करणारा मंचरचा तरुण, परदेशात शिकणाऱ्या मुलीला भेटायला निघालेले ओतूरचे निवृत्त शिक्षक, या साऱ्यांना तिकीट, हॉटेल आणि व्हिसाच्या शुल्कासाठी आज कार्डाची गरज पडते. आपण तोंड फिरवले, तर त्यांना सल्ला देणारा एकच माणूस उरतो, आणि तो म्हणजे कार्डामागे दलाली मिळवणारा विक्रेता.

म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट मांडतो. ज्याला प्रवासासाठी कार्ड घ्यायचेच आहे त्याने पॉइंट मोजू नयेत, सेवा मोजावी. आणि ही सेवा म्हणजे बँकेची मेहेरबानी नव्हे, तो ग्राहकाचा हक्क आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव सांगावे.

पॉइंट येतात कोठून?

जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला एक रांजण आहे. सातवाहन काळात घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात गोळा होत असे, असे परंपरा सांगते. ही जकात व्यापारी आपल्या पदरचे सोसत नसत. मालाच्या किमतीत ती मिसळून जाई आणि शेवटी गिऱ्हाईकच ती भरत असे. आजचा रांजण दुकानदाराच्या गल्ल्यावरच्या कार्डयंत्रात आहे. क्रेडिट कार्डाने शंभर रुपयांची खरेदी झाली की त्यातील दीड-दोन रुपये बँका आणि कार्डांचे जाळे चालवणाऱ्या कंपन्या कापून घेतात. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला असे शुल्क पडत नाही. क्रेडिट कार्डावर ते आहे, आणि आपल्याला 'बक्षीस' म्हणून दिले जाणारे पॉइंट बऱ्याच अंशी याच कापलेल्या पैशांतून येतात.

दुकानदार हे शुल्क किमतीत मिसळतो, आणि किंमत सर्वांना सारखीच असते. मंचरच्या ज्या दुकानात कार्डाचे यंत्र आहे, तेथे हिरडा विकून आलेली पश्चिम भागातील आदिवासी बाई रोख पैशाने तेल-मीठ घेते, तेव्हा ती कोणा अनोळखी प्रवाशाच्या लाउंजमधील नाश्त्याला आपला हिस्सा देत असते. हा केवळ भावनेचा मुद्दा नाही. बोस्टन येथील फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली अमेरिकेपुरता हा हिशेब मांडला होता. रोखीने खरेदी करणाऱ्या कुटुंबाच्या खिशातून वर्षाला सरासरी १४९ डॉलर जातात आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला सरासरी १,१३३ डॉलर मिळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. गरिबाकडून श्रीमंताकडे वाहणाऱ्या या ओघाला 'रिवॉर्ड' हे नाव कोणी दिले असेल, त्याच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे.

पॉइंटांचा दुसरा झरा म्हणजे थकबाकीदाराचे व्याज. पुष्कळ कार्डांवर हा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या, म्हणजे सरळ व्याजाने वर्षाला ४२ टक्क्यांच्या आसपास असतो. बिलावर 'किमान देय रक्कम' असा एक छोटा आकडा छापलेला असतो. तेवढी भरली की भागले असे सामान्य माणूस समजतो. प्रत्यक्षात त्याची बिनव्याजी मुदत तेथेच संपते. ५०,००० रुपयांच्या थकबाकीवर साडेतीन टक्के दराने एका महिन्याचे व्याज १,७५० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ३१५ रुपये. एकूण २,०६५ रुपये. तेवढ्याच खर्चावर एक टक्का दराने मिळणारे पॉइंट ५०० रुपयांचे. म्हणजे चार महिने गोळा केलेले बक्षीस एका महिन्याच्या थकबाकीत बुडाले.

या व्याजाला आज मर्यादाही नाही. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ साली क्रेडिट कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. गावातल्या परवानाधारक सावकाराच्या व्याजावर महाराष्ट्र शासन कायद्याने मर्यादा घालते. काचेच्या इमारतीतला सावकार मात्र मोकळा आहे.

पॉइंट बँकेच्या मर्जीचे, सेवा कायद्याची

कोणी म्हणेल, पैसे कोठूनही येवोत, मी वेळेवर बिल भरतो, मग मिळणारे पॉइंट का सोडू? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीतीचे नव्हे, व्यवहाराचे उत्तर दिले पाहिजे.

पॉइंट हे चलन बँक स्वतः छापते आणि त्याचे मोलही स्वतःच ठरवते. आज एका विमानतिकिटाला जितके पॉइंट लागतात, त्याच्या दीडपट उद्या लागतील, असे एका सूचनापत्राने जाहीर करता येते. गेल्या काही वर्षांत अनेक बँकांनी लाउंजच्या फेऱ्या कमी केल्या, त्यांना खर्चाच्या अटी जोडल्या, पॉइंटांचे मोल घटवले. या बदलाविरुद्ध दाद मागायला गेलो, तर लोकपाल योजनेचा नियम आड येतो. बँकेच्या वाणिज्यिक निर्णयाविरुद्धची तक्रार लोकपालाच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे, आणि पॉइंटांचे मोल हा आमचा वाणिज्यिक निर्णय आहे असे बँक सहज म्हणू शकते. सेवेतील त्रुटी मात्र थेट लोकपालाच्या कक्षेत येते. ज्या गोष्टीची हमी नाही तिच्यावर निवड आधारायची आणि जिची हमी आहे तिच्याकडे पाहायचेही नाही, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

प्रवासात कार्डाची खरी कसोटी लागते ती संकटात. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची विमाने थांबली. मे २०२३ मध्ये गो फर्स्टची थांबली. तिकिटाचे पैसे भरून बसलेल्या प्रवाशाला तेव्हा पॉइंट कामाचे नव्हते. 'सेवा मिळाली नाही, हा व्यवहार उलटवून माझे पैसे परत आणा' अशी मागणी बँकेकडे करता येते. ती नोंदवून घेणारा, कागद तपासणारा आणि शेवटपर्यंत पाठपुरावा करणारा माणूस बँकेत आहे की नाही, हाच तेव्हा प्रश्न होता.

आंबेगाव तालुक्यातील माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या कार्डावर परदेशातील हॉटेलचे भाडे दोनदा चढले. बँकेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. दुसऱ्या एखाद्या बँकेतही हेच घडले असते. फोन केल्यावर यंत्राने त्याला एकामागून एक अंक दाबायला लावले, मराठीचा पर्याय नव्हता, माणसापर्यंत पोहोचेतो परदेशातील फोनचे पैसे संपले. गावी परतल्यावर तो शाखेत गेला, तर 'कार्डाचा विभाग वेगळा' असे उत्तर मिळाले. दुबार भाड्याची रक्कम परत मिळायला तीन महिने लागले. त्या कार्डाची जाहिरात त्याला पॉइंट मोजून दाखवत होती. फोन कोण उचलणार हे तिने सांगितले नव्हते.

नियम आहेत, भाषा नाही

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये कार्डांसंबंधी जे निर्देश काढले ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावेत. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड देता येत नाही. दिले आणि त्याचे शुल्क लावले, तर ते परत करून वर दुप्पट दंड भरावा लागतो. अर्जासोबत व्याज आणि शुल्क सांगणारे एक पानी तथ्यपत्रक देणे बंधनकारक आहे. बिलाविषयी तक्रार केली, तर ३० दिवसांत पुराव्यासह खुलासा मिळाला पाहिजे. सर्व देणे चुकवून कार्ड बंद करण्याची विनंती केल्यावर ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले नाही, तर बँकेने दर दिवसाला ५०० रुपये द्यायचे आहेत. त्याआधीच्या, जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष बँकेचा नसून आपलाही नसेल आणि फसवणुकीची खबर ३ कामकाजाच्या दिवसांत दिली, तर तोटा ग्राहकाच्या माथी येत नाही.

हे नियम चांगले आहेत. पण त्याच निर्देशांत कार्डाच्या अटी सोप्या भाषेत, 'शक्यतो' इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत द्याव्यात, असे म्हटले आहे. या एका 'शक्यतो'मधून सगळी मराठी गळून पडते. आपल्या जिल्ह्याला या दुखण्याचा इतिहास आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, तेव्हा त्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. स्वतःला वाचता न येणाऱ्या खतांवर आपला अंगठा घेतला जातो आणि हिशेब कळत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. त्या उठावानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने ऋणकोला पावती, हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. परकीय सरकारला दीडशे वर्षांपूर्वी जे देणे भाग पडले, ते स्वतंत्र देशात 'शक्यतो' या शब्दावर सोडावे काय?

सेवेतही वर्ग आहेत

सेवा हवी असेल तर महागडे कार्ड घ्या, असे उत्तर बाजाराकडे तयार असते. वर्षाला हजारो रुपये भरणाऱ्याला स्वतंत्र फोन क्रमांक आणि नावाने ओळखणारा अधिकारी मिळतो. साध्या कार्डवाल्याला यंत्राचा आवाज. आरामखुर्ची विकत घेण्याची वस्तू आहे, हे मान्य. पण चुकीने कापलेले पैसे परत मिळणे ही आरामखुर्ची नव्हे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर केलेल्या ग्राहक हक्कांच्या सनदेत तक्रार निवारण आणि भरपाई हा हक्क सर्वांसाठी लिहिलेला आहे. त्यात सोनेरी आणि साध्या कार्डांचा भेद नाही.

खाजगी बँक म्हणजे उत्तम सेवा, हा समजही तपासून घ्यावा. तंत्रव्यवस्था वारंवार कोलमडली म्हणून रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेला नवी कार्डे देण्यास मनाई केली. तंत्रव्यवस्थेतील उणिवांसाठीच एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेवर तशीच बंदी घातली गेली. बंधने पुढे उठली, धडा राहिला. दुसरीकडे, १९ जुलै १९६९ च्या राष्ट्रीयीकरणाचे समर्थन करणाऱ्या आपण सार्वजनिक बँकांतील सेवेची वकिली डोळे मिटून करू नये. ग्राहकसेवा सुधारण्यासाठी १९७५ साली तलवार समिती, १९९० साली गोईपोरिया समिती, २०१० साली दामोदरन समिती नेमली गेली. पस्तीस वर्षांत तीन समित्या नेमाव्या लागतात, तेव्हा रोग जुना आहे हे उघड आहे. मालकी सार्वजनिक असणे आवश्यक आहे. पण तेवढ्याने खिडकीपलीकडचा माणूस उत्तरदायी होत नाही. त्यासाठी खिडकीअलीकडच्या माणसाने संघटित व्हावे लागते.

आणि फोन उचलणाऱ्यावर राग काढून काही साधत नाही. तो बहुधा कंत्राटी कामगार असतो. त्याच्या प्रत्येक संभाषणाचे सेकंद मोजले जातात, आणि शंभर रुपयांचा दंड माफ करण्याचा अधिकारही त्याच्या हाती नसतो. अधिकार नसलेला, धास्तावलेला कामगार चांगली सेवा देऊच शकत नाही. ग्राहकाची तक्रार आणि त्या कामगाराची तक्रार यांचे मूळ एकच आहे.

निवड कशी करावी?

आता व्यवहार. कार्डाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी पाच गोष्टी कराव्यात, असे मी सुचवतो.

पहिली, त्या बँकेच्या मदत क्रमांकावर एकदा दिवसा आणि एकदा मध्यरात्रीनंतर फोन करावा. किती वेळाने माणूस बोलतो आणि मराठीत बोलतो काय, ते लिहून ठेवावे. परदेशात कार्ड हरवते तेव्हा घड्याळ आपल्या सोयीचे नसते.

दुसरी, दोन लेखी प्रश्न पाठवावेत: रद्द झालेल्या तिकिटाचे पैसे किती दिवसांत कार्डावर परत येतात, आणि परकीय चलनातील खर्चावर एकूण किती शुल्क लागते? हे शुल्क पुष्कळ कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के असते, म्हणजे एक टक्क्याचे पॉइंट तेथेच संपतात. मुद्देसूद उत्तर, उत्तर देणाऱ्याच्या नावासह आले, तर ती बँक विचारात घ्यावी. जाहिरातीचे पत्रक आले, तर सोडून द्यावी.

तिसरी, जवळच्या शाखेत जाऊन विचारावे की कार्डाची तक्रार येथे घेता काय. कार्ड देणारी संस्था कधी कधी बँकेहून निराळी असते. स्टेट बँकेच्या नावाचे कार्ड स्टेट बँक देत नाही, तिची उपकंपनी देते. ज्याच्या नावावर आपण विश्वास टाकतो तोच जबाबदार आहे काय, हे आधी कळलेले बरे.

चौथी, कार्ड वापरताना येणारा सांकेतिक क्रमांक मोबाईलवर येतो. आहुपे-भीमाशंकरच्या डोंगरात किंवा परदेशात मोबाईलची रेंज नसेल तर दुसरा मार्ग कोणता, ते विचारावे.

पाचवी, कार्ड बंद करण्याची रीत आधी समजून घ्यावी. ज्या घरातून बाहेर पडण्याचे दार सापडत नाही, त्या घरात शिरू नये.

या पाच कसोट्यांना दोन-तीन बँका उतरल्या, तर मग त्यांच्यापैकी कोणाचे पॉइंट अधिक आहेत ते खुशाल पाहावे. एकही उतरली नाही, तर साधे डेबिट कार्ड घेऊन प्रवास करावा. एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना १९८८ पासून चालू आहे. पासाचे पैसे भरले की चार किंवा सात दिवस हिंडता येते. त्या पासावर गाडीत बसायला कोणालाही पॉइंट साठवावे लागले नाहीत. सवलत उघड, दर उघड आणि सर्वांना सारखा, ही सार्वजनिक सेवेची रीत आहे. एसटीच्या गाड्या मोडक्या असतील, तर त्याविरुद्ध अवश्य भांडू. पण ती रीत मोडकळीत निघालेली नाही.

एकट्यादुकट्या ग्राहकाच्या शहाणपणाने मात्र हा प्रश्न सुटणार नाही. मंचर, घोडेगाव, नारायणगाव आणि जुन्नर येथे आपल्या कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ बँक-ग्राहक मदतीसाठी राखून ठेवावी. तेथे तीन कामे व्हावीत. बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यायचा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज लिहून द्यायचा, ज्याला एक पैसाही पडत नाही. आणि गरज पडल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जायचे. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तेथे दाद मागता येते. नोव्हेंबर २०२५ पासून राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही लोकपाल योजनेखाली आल्या आहेत. तेव्हा पीककर्जाच्या खात्यात चुकीची कपात झालेला शेतकरीही याच बाकावर बसू शकतो. कार्डवाला मध्यमवर्गीय आणि पीककर्जवाला शेतकरी एका बाकावर बसले, की त्यांना एकमेकांची गाऱ्हाणी एकच असल्याचे कळेल. चळवळीची सुरुवात पुष्कळदा अशाच बाकांवर झालेली आहे.

मागण्याही नेमक्या असाव्यात. नियमातील 'शक्यतो' हा शब्द काढून स्थानिक भाषा बंधनकारक करा. कार्डाच्या व्याजावर कायद्याने मर्यादा घाला. ज्या शाखेत कार्ड विकले जाते त्या शाखेत त्याची तक्रार घेणे सक्तीचे करा. फोनवरील कामगाराला कायम नोकरी आणि चूक दुरुस्त करण्याचा अधिकार द्या. या चारही मागण्यांसाठी सरकारच्या तिजोरीतून काही द्यावे लागत नाही. बँकांच्या नफ्यातील थोडा हिस्सा तेवढा कमी होईल.